उत्तर कोणाच्या मालकीचं

आंबेगाव तालुक्याचा पाऊस एका आकड्यात सांगता येत नाही. पश्चिमेला आहुपे, तळेघर, डिंभे धरणाच्या वरचे डोंगर. तिथं जुलैत भाताची खाचरं तुडुंब भरलेली असतात. त्याच दिवशी पूर्वेला लोणी-धामणीचा शेतकरी आभाळाकडे बघत असतो. जुन्नरचंही तसंच. नाणेघाटाच्या तोंडाशी धुवांधार आणि बेल्ह्याकडे कोरडं. म्हणून पाऊस गावोगाव मोजावा लागतो आणि मोजलेला आकडा लगेच कुठंतरी पोचावाही लागतो. ३० जुलै २०१४ ला सकाळी माळीणवर डोंगर कोसळला आणि दीडशेहून अधिक माणसं गेली. तेव्हापासून आमच्या भागात ‘रात्रीत किती पडला?’ हा प्रश्न नुसता चौकशीचा राहिलेला नाही.

मी मंचरला एका लहानशा कंपनीत काम करते. शाळांच्या आणि ग्रामपंचायतींच्या छतांवर आम्ही पर्जन्यमापक बसवतो. त्यात एक इवलीशी दुपाळी बादली असते. ०.२ मिलिमीटर पाऊस साचला की ती एका बाजूला कलंडते, आणि प्रत्येक कलंडणं म्हणजे एक नोंद. या नोंदी जवळच्या एका पेटीत जातात आणि पेटी त्या मोबाइलच्या जाळ्यावरून सर्व्हरला पाठवते. गावात त्या पेटीला सगळे ‘पावसाचा डबा’ म्हणतात, आम्हीही तेच म्हणतो. डब्यातला प्रोग्रॅम सी भाषेत आहे. मेमरी थोडी, वीज सौरपट्टीची, आणि डबे सगळे एका जातीचे नाहीत, त्यामुळे सी सोडून दुसरं काही परवडलं नसतं. सर्वांत जुन्या डब्यांवर यूक्लिब्सी ही छोटी सी लायब्ररी आहे, मधल्या काळातल्या डब्यांवर नेहमीच्या लिनक्सची ग्लिब्सी, नव्यांवर ओपनडब्ल्यूआरटी आणि त्याच्यासोबत येणारी मसल. कार्यालयातला तपासणीचा संगणक फ्रीबीएसडीवर चालतो. एकच सोर्सकोड या चारही ठिकाणी जसाच्या तसा चालला पाहिजे, ही आमची रोजची गरज आहे.

हे लिहायला बसले ते या प्रोग्रॅममधल्या एका अगदी छोट्या कामाबद्दल. सर्व्हरचं नाव दिलं की त्याचा आयपी पत्ता शोधायचा. सी शिकवणाऱ्या पुस्तकांत हे काम दोन ओळींत उरकलेलं असतं. माझ्या कामाच्या वर्षांत मात्र या दोन ओळींनी जितकं शिकवलं तितकं दुसऱ्या कशानंही शिकवलं नाही.

पत्ता थेट प्रोग्रॅममध्ये का लिहून टाकत नाही, असं नवीन मुलं विचारतात. त्यांना मी आमच्या तालुक्याचंच उदाहरण देते. ज्या गावावरून तालुक्याला आंबेगाव म्हणतात ते मूळ गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं. तहसील कचेरी घोडेगावला आहे. तरी कागदोपत्री, एसटीच्या वेळापत्रकात, माणसांच्या तोंडी तालुका आंबेगावच. नाव टिकतं, त्यामागचं ठिकाण बदलतं, आणि ज्याला तिथं जायचंय त्यानं दर वेळी विचारूनच निघायचं. आमचा पावसाचा सर्व्हरही एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर गेलेला आहे. डोंगरातल्या एकाही डब्याला हात लावावा लागला नाही, कारण डब्यांना फक्त नाव ठाऊक होतं.

शेजारच्या खोडदला हेच तत्त्व फार मोठ्या प्रमाणावर बघायला मिळतं. शाळेत असताना २८ फेब्रुवारीच्या विज्ञानदिनाला आम्ही जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण बघायला जायचो. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. त्यातल्या १४ मधल्या चौकात आणि बाकीच्या तीन बाहूंवर, २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात. प्रत्येकीला नाव आहे. चौकातल्या सी००, सी०१ अशा. पूर्वेच्या, दक्षिणेच्या, पश्चिमेच्या बाहूंवर ई, एस, डब्ल्यू. गेल्या दशकात या दुर्बिणीचं मोठं अद्ययावतीकरण झालं, अँटेनांमागचे रिसीव्हर आणि इलेक्ट्रॉनिक्स बदललं, पण सी०० ही सी००च राहिली. निरीक्षण करणाऱ्याला नाव पुरतं. ते नाव आज कोणत्या उपकरणापाशी नेऊन पोचवायचं, ते मागची यंत्रणा बघते. नावाचा हा भरवसा टिकवण्यासाठी मागं किती काम करावं लागतं, ते मला पुढं डब्यांवर कळलं.

डब्याच्या प्रोग्रॅममध्ये दोन मुख्य थ्रेड आहेत. एक पावसाच्या नोंदी पावसाच्या सर्व्हरला पाठवतो. दुसरा डब्याची तब्येत, म्हणजे बॅटरीचा व्होल्टेज, सिग्नलची ताकद, पेटीतलं तापमान, हे देखभालीच्या वेगळ्या सर्व्हरला पाठवतो. दोघे आपापल्या वेळेला उठतात, आपापल्या सर्व्हरचं नाव विचारतात, जोडणी करतात, ओळी पाठवतात, ‘मिळालं’ असं उत्तर आलं की त्या ओळी साठ्यातून काढून टाकतात. प्रोग्रॅम आमच्याकडे आला तेव्हाच जुना होता, बऱ्याच हातांतून गेलेला होता, आणि वर्षभर आकड्यांबद्दल तक्रार नव्हती.

तक्रार आली ती एका आश्रमशाळेच्या गुरुजींकडून. “ताई, रात्री झोपू दिलं नाही पावसानं, आणि तुमच्या तक्त्यात तीन ते चार कोरडं दिसतंय,” असं त्यांनी फोनवर सांगितलं. बादली अडकली असेल, पाल्यापाचोळ्यानं नळी तुंबली असेल, असं पहिल्यांदा वाटणं साहजिक होतं. पण डब्याच्या मेमरी कार्डावरची नोंदवही म्हणत होती की बादली कलंडत होती, ओळी पाठवल्या होत्या आणि ‘मिळालं’ हे उत्तरही आलं होतं. पावसाच्या सर्व्हरवर त्या ओळी नव्हत्या. शेवटी एका सहकाऱ्यानं देखभालीच्या सर्व्हरवरच्या कच्च्या नोंदी चाळल्या, आणि तिथं, बॅटरीच्या व्होल्टेजच्या ओळींमध्ये, त्या रात्रीचा पाऊस सापडला. देखभालीचा सर्व्हर येईल ती ओळ ठेवून घ्यायचा आणि ‘मिळालं’ म्हणायचा. पावसाच्या थ्रेडनं बरोबर नाव विचारलं होतं, पण तो जाऊन पोचला दुसऱ्याच्या पत्त्यावर.

इथं थोडा इतिहास सांगायला हवा, कारण चूक आमच्या प्रोग्रॅमच्या आधीची आहे. नावं आणि पत्ते पूर्वी एकाच फाइलीत असत. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत ती यादी सांभाळली जाई आणि सगळे तिची प्रत उतरवून घेत. १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी डीएनएस, म्हणजे नेमसर्व्हरला नाव विचारून पत्ता मिळवण्याची व्यवस्था, मांडली, आणि त्याच वर्षी बर्कलीच्या ४.२बीएसडीमध्ये गेटहोस्टबायनेम हे फंक्शन आलं. त्याला नाव द्यायचं, ते एका स्ट्रक्चरचा पॉइंटर परत देतं, त्यात पत्त्यांची यादी असते. वापरायला इतकं सोपं फंक्शन क्वचित असतं. पण ते स्ट्रक्चर फंक्शनच्या स्वतःच्या स्टॅटिक जागेत असतं. मागणाऱ्याला उत्तर मिळत नाही, उत्तर कुठं लिहिलंय ते दाखवलं जातं. बाजार समितीतल्या दराच्या फळ्यासारखंच ते: पुढच्याचा भाव लिहिला की आधीचा पुसला जातो, आणि फळ्याकडे बोट दाखवून ‘हा माझा भाव’ म्हणणाऱ्याला दुसऱ्याचाच भाव वाचून दाखवला जातो.

१९८३ मध्ये याला कोणी दोष म्हटला नसता. एका प्रोसेसमध्ये एकच थ्रेड चालायचा. विचारलं, वापरलं, विसरलं. पॉझिक्स थ्रेडचं प्रमाण १९९५ मध्ये आलं तेव्हा अशी फंक्शनं जगभरच्या कोडमध्ये मुरलेली होती. स्ट्रटोक, लोकलटाइम, सीटाइम, आयपी पत्त्याचा मजकूर करून देणारं आयनेट_एनटोआ, सगळी त्याच पिढीतली. या पिढीबद्दल मला आदर आहे. थोड्या मेमरीत त्यांनी इंटरनेट उभं केलं. पण त्यांच्या एका गृहीतकाची किंमत डोंगरातल्या डब्यानं मोजावी, हे मला मान्य नव्हतं.

वर्षभर काही बिघडलं नाही आणि नेमकं मुसळधार पावसाच्या रात्री का बिघडलं, याचं उत्तर शोधताना मी सगळ्यात जास्त शिकले. त्या डब्यावरच्या ग्लिब्सीमध्ये या फंक्शनच्या आत एक कुलूप आहे, त्यामुळे दोन थ्रेड एकाच वेळी त्या स्टॅटिक जागेत लिहीत नाहीत. मात्र फंक्शन परतलं की कुलूप उघडतं आणि पॉइंटर त्याच जागेकडे बोट दाखवत राहतो. आता पाऊस जोरात आहे, सिग्नल जातो-येतो आहे. पावसाच्या थ्रेडनं नाव विचारलं, उत्तर यायला वेळ लागतोय. तेवढ्यात तब्येतीचा थ्रेडही विचारायला आला आणि कुलपापाशी थांबला. जाळं परत आलं. पहिल्याला उत्तर मिळालं, कुलूप उघडलं, दुसऱ्याची चौकशी तत्क्षणी सुरू झाली. आणि आमच्या प्रोग्रॅममध्ये नाव सापडल्यानंतर व जोडणी करण्याआधी एक ओळ होती: नोंदवहीत लिहा आणि कार्डावर पक्कं होईपर्यंत थांबा. स्वस्त मेमरी कार्डावर तेवढ्यात बराच वेळ जातो. त्या वेळात दुसऱ्याचं उत्तर त्याच जागेत लिहिलं गेलं. पहिल्यानं नोंदवही मिटून पत्ता उचलला, तो दुसऱ्याचा. चांगल्या हवामानात दोघांच्या वेळा क्वचितच एकमेकींवर येत. जाळं तुटून परत आलं की ते कुलूपच दोघांना एकामागोमाग उभं करायचं. म्हणजे आकड्यांची सगळ्यात जास्त गरज असते त्याच रात्री हा दोष जागा व्हायचा.

नव्या, मसलवाल्या डब्यांवर याच दोषाचं रूप निराळं होतं. मसलमधलं गेटहोस्टबायनेम दर वेळी आधीच्या उत्तराची मेमरी सोडून देतं आणि नवी घेतं. तिथं पहिल्या थ्रेडच्या हाती चुकीचा पत्ता येईल किंवा सोडून दिलेल्या जागेतला कचरा. प्रोग्रॅम कोसळायचा आणि वॉचडॉग त्याला परत उठवायचा. त्या डब्यांबद्दल आमच्याकडे ‘अधूनमधून आपोआप रिस्टार्ट होतो’ अशी वेगळी तक्रार नोंदलेली होती. दोन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे हे दोन लायब्रऱ्यांचा सोर्स शेजारी शेजारी ठेवून वाचल्यावरच दिसलं. पोर्टेबल कोडबद्दल बोलताना बहुतेक वेळा ‘सगळीकडे कंपाइल होतो का’ एवढंच विचारलं जातं. प्रमाणग्रंथानं ज्याची हमी दिलेली नाही त्यावर कोड विसंबला, तर तो सगळीकडे कंपाइल होतो आणि प्रत्येक ठिकाणी आपापल्या परीनं चुकतो. दुरुस्ती लायब्ररीच्या वागण्यावरून करायची नाही, हमीवरून करायची, हे तेव्हापासून माझ्या मनात पक्कं बसलं.

पहिला सुचणारा उपाय म्हणजे आपलं स्वतःचं म्युटेक्स. नाव विचारण्याआधी कुलूप लावा, उत्तराची पूर्ण प्रत काढा, मग उघडा. प्रत काढताना नुसतं स्ट्रक्चर उचलून चालत नाही. त्याच्या आत पॉइंटरांची यादी असते आणि ते पॉइंटर परत त्याच स्टॅटिक जागेत दाखवत असतात. खोलवर जाऊन एकेक पत्ता उतरवावा लागतो. हे नीट केलं तर पत्ते बरोबर येतात. पण मग दुसरं दुखणं सुरू होतं. ग्लिब्सी एका नेमसर्व्हरच्या उत्तरासाठी मुळात ५ सेकंद थांबते आणि सगळी फेरी दोनदा करते. दोन नेमसर्व्हर असतील तर जाळं नसलेल्या डोंगरात एका नावापायी २० सेकंद कुलूप लागलेलं. तेवढा वेळ दुसरा थ्रेड निष्कारण अडून राहणार. शिवाय आपलं कुलूप आपल्याच कोडला माहीत. सोबत जोडलेली एखादी लायब्ररी आतून तेच फंक्शन बोलावत असेल तर तिला आपलं कुलूप दिसतही नाही.

दुसरा मार्ग नावाच्या शेवटी ‘_आर’ लावलेल्या भावंडाचा. गेटहोस्टबायनेम_आर मध्ये उत्तराची जागा मागणारा स्वतः देतो. कल्पना अगदी योग्य: ज्याचा प्रश्न त्याची मेमरी. पण हे कधीच प्रमाणात आलं नाही आणि प्रत्येकानं ते आपल्या मतानं लिहिलं. लिनक्सवर त्याला सहा आर्ग्युमेंट लागतात आणि ते पूर्णांक परत देतं. सोलारिसवर पाच, आणि परत येतो पॉइंटर. एआयएक्सवर तीन, वेगळ्याच स्ट्रक्चरसह. ओपनबीएसडी आणि मॅकवर हे फंक्शनच नाही. म्हणून जुन्या पोर्टेबल प्रोग्रॅमांच्या कॉन्फिगर स्क्रिप्ट आधी तीनही प्रकार कंपाइल करून बघतात आणि कोणता जमला त्यावरून वाट निवडतात. आमच्या वारशात आलेल्या एका फाइलीत असं इफडेफचं रान होतं. शिवाय दिलेली जागा अपुरी पडली तर फंक्शन ईरेंज म्हणून परत येतं. मग जागा वाढवा आणि पुन्हा विचारा. ही पुनरावृत्ती कित्येक ठिकाणी लिहिलेलीच नसते, कारण लिहिणाऱ्याच्या टेबलावर जागा नेहमी पुरलेली असते.

हे सगळं मागं टाकणारं फंक्शन तेव्हाच उपलब्ध होतं. गेटअॅड्रइन्फो. १९९७ च्या आरएफसी २१३३ मध्ये ते आयपीव्ही ६ च्या तयारीचा भाग म्हणून वर्णिलेलं आहे, २००१ च्या पॉझिक्समध्ये ते आलं आणि त्याच आवृत्तीत गेटहोस्टबायनेमवर ‘कालबाह्य’ असा शेरा पडला. २००८ च्या पॉझिक्समधून तर गेटहोस्टबायनेम काढूनच टाकलं. गेटअॅड्रइन्फो थ्रेडसाठी सुरक्षित असलंच पाहिजे असं प्रमाण सांगतं. जुन्या काही बीएसडींच्या मॅन्युअलमध्ये ‘आमचं तसं नाही’ अशी प्रामाणिक सूचना असायची, पण आमच्या यंत्रांवर तो प्रश्न उरलेला नव्हता.

मला या फंक्शनचं सगळ्यात मोठं मोल वाटतं ते मालकीच्या स्पष्टतेत. ते दर वेळी नवी यादी बनवून देतं. ती यादी मागणाऱ्याची. वापरून झाली की फ्रीअॅड्रइन्फोनं मागणाऱ्यानंच सोडायची. मध्ये कुणी काही पुसणार नाही. जुन्या फंक्शनमध्ये न लिहिलेला करार होता, इथं तो प्रोटोटाइपमध्ये दिसतो. आमच्या दुरुस्तीत ओळी फार नव्हत्या, पण प्रत्येक ओळीचं कारण आम्ही कागदावर लिहून काढलं होतं. कसले पत्ते हवेत ते सांगणारं हिंट्सचं स्ट्रक्चर आधी शून्यानं भरायचं, कारण त्यात काही यंत्रणांवर आपल्याला न दिसणारी घरं असतात. सॉकेटचा प्रकार स्ट्रीम असा सांगायचा. नाही सांगितला तर एकच पत्ता टीसीपी, यूडीपी, रॉ अशा वेगवेगळ्या रूपांत परत परत येतो. फॅमिली ‘अनस्पेक’ ठेवायची, म्हणजे आयपीव्ही ४ आणि ६ दोन्ही मिळतात. जुनं फंक्शन फक्त ४ चंच उत्तर द्यायचं; २०१६ नंतर आपल्याकडे मोबाइलवर आयपीव्ही ६ सर्रास आलं, तेव्हा याची गरज डोंगरातही कळली. आणि आलेल्या यादीतला पहिलाच पत्ता उचलून थांबायचं नाही. यादी ठरलेल्या नियमांनी क्रम लावून येते, तरी पहिल्या पत्त्याकडची वाट बंद असू शकते. एकेक पत्ता घ्यायचा, जोडून बघायचं, नाही जमलं तर पुढचा. ओळीत पत्ता दाखवायचा असेल तर आयनेट_एनटोआ ऐवजी आयनेट_एनटॉप, त्यात जागा आपली.

चुकांचे कोडही मनापासून वाचायचे असतात. ईएआय_अगेन म्हणजे आत्ता सांगता येत नाही, परत विचारा. ईएआय_नोनेम म्हणजे असं नावच नाही. आधीच्या प्रोग्रॅममध्ये दोन्हींना एकच वागणूक होती: थांबा, परत विचारा. डोंगरात ‘आत्ता नाही’ हे रोजचंच आहे, तिथं धीर धरायलाच हवा. पण कॉन्फिगरेशनमध्ये नावाचं एक अक्षर चुकलेलं असेल तर डबा जन्मभर धीर धरत बसेल आणि कुणाला कळणारही नाही. आता ‘नाव नाही’ असं आलं की डब्यावरचा लाल दिवा लागतो. गावातलं कुणीही फोन करून सांगतं.

एवढं करून पत्त्यांची अदलाबदल थांबली. मात्र गेटअॅड्रइन्फोकडे काही गोष्टी मुळातच नाहीत, आणि त्या आपल्याला बांधाव्या लागतात. त्याला वेळेची मर्यादा देता येत नाही. एका थ्रेडनं हाक मारली की उत्तर किंवा नकार येईपर्यंत तो तिथंच. अलार्मचा सिग्नल लावून मधूनच उडी मारून बाहेर पडण्याची एक जुनी युक्ती आहे. अनेक थ्रेड असलेल्या प्रोग्रॅममध्ये ती लायब्ररीचं आतलं कुलूप लागलेलं सोडून पळून येते, म्हणून ती आम्ही वर्ज्य ठरवली. ग्लिब्सीचं स्वतःचं गेटअॅड्रइन्फो_ए आहे, पण ते मसलवर नाही. सी-एरिस नावाची चांगली लायब्ररी आहे. जुन्या डब्यांत तिच्यासाठी जागा नव्हती. मग आम्ही नाव विचारणारा एकच वेगळा थ्रेड ठेवला. तो आपल्या गतीनं दोन्ही नावं विचारतो आणि आलेले पत्ते एका तक्त्यात, ४ असो वा ६, दोन्ही मावतील अशा सॉकअॅड्र_स्टोरेज स्ट्रक्चरमध्ये उतरवतो. पाठवणारे थ्रेड कुलूप लावतात, प्रत घेतात, कुलूप सोडतात. कुलूप असतं ते फक्त काही बाइट हलवण्यापुरतं, जाळ्याची वाट बघण्यापुरतं कधीच नाही. विचारणारा थ्रेड अडकला तरी पाऊस जुन्या पत्त्यावर जात राहतो.

जुना पत्ता किती काळ धरून ठेवायचा, हा प्रश्न अवघड निघाला. डीएनएसच्या उत्तरात टीटीएल असतो, म्हणजे हे उत्तर किती सेकंद खरं मानायचं ते. गेटअॅड्रइन्फो तो पुढं देतच नाही. म्हणून आम्ही ठराविक अंतरानं परत विचारतो आणि ‘आत्ता नाही’ असं उत्तर आलं तर शेवटचा चाललेला पत्ता सोडत नाही. त्या पत्त्यावर जोडणी वारंवार फसली तरच तो बाद. यावर आमच्यात बराच वाद झाला. एका सहकाऱ्याचं म्हणणं होतं की शिळा पत्ता वापरणं तत्त्वतः चूक. तत्त्वाला मी त्याच्या बाजूची होते. पण नेमसर्व्हर गप्प आहे आणि पावसाचा सर्व्हर मात्र जागेवर आहे, अशा रात्री आम्ही पाहिलेल्या आहेत, आणि अशा रात्री आकडा पोचणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

वेगळ्या थ्रेडचा अजून एक लाभ झाला. काही डब्यांत दोन सिम आहेत. एकीचं जाळं गेलं की दुसरी लागते आणि नेमसर्व्हर बदलतात. २०१७ मध्ये आलेल्या २.२६ च्या आधीची ग्लिब्सी रिझॉल्व्ह.कॉन्फ ही नेमसर्व्हरांची फाइल एकदाच वाचायची आणि नंतर ती बदलली तरी लक्ष द्यायची नाही. महिनोन्महिने चालणारा प्रोग्रॅम निघून गेलेल्या नेमसर्व्हरलाच विचारत राहायचा. उपाय म्हणजे फाइल बदलली की रेस_इनिट बोलावणं, पण तिची अवस्था प्रत्येक थ्रेडची वेगळी असते. विचारणारा एकच असल्यामुळे सांगायचंही एकालाच. थांबण्याची मर्यादा त्याच फाइलीत ‘टाइमआउट’ आणि ‘अटेम्प्ट्स’ लिहून कमी केली. मसलही हे दोन शब्द वाचते. एका जातीच्या राउटरपाशी आयपीव्ही ४ आणि ६ चे दोन प्रश्न एकदम गेले की एकाचं उत्तर हरवायचं आणि दर वेळी ५ सेकंद जायचे. तिथं ग्लिब्सीचा ‘सिंगल-रिक्वेस्ट-रीओपन’ हा पर्याय कामी आला.

सगळं स्टॅटिक लिंक करून एकच फाइल डब्यात टाकावी, असा मोहही होतो. ग्लिब्सीबरोबर ते नीट जमत नाही, कारण नावं शोधण्याचं काम ती चालू असताना जोडल्या जाणाऱ्या वेगळ्या लायब्रऱ्यांकडून करून घेते; लिंकर तशी सूचनाही देतो. मसलबरोबर मात्र हे सहज होतं. आणि स्टॅटिक केलं की लायब्ररीतली दुरुस्ती आपोआप येत नाही, ही दुसरी बाजू. जानेवारी २०१५ मध्ये ‘घोस्ट’ नावानं गाजलेली त्रुटी ग्लिब्सीच्या गेटहोस्टबायनेममध्येच होती आणि ती २००० पासून तिथं होती. पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत गेटअॅड्रइन्फोच्या आतही बफर ओसंडण्याची त्रुटी उघड झाली. नवं फंक्शन वापरलं म्हणजे निर्धास्त झालो असं होत नाही. डबा कितीही दूर असला तरी त्याची लायब्ररी बदलण्याची सोय हवी.

खरं तर या अदलाबदलीला आणखी एक अडसर हवा होता. जोडणी टीएलएसची असती तर प्रमाणपत्रावरचं नाव जुळलं नसतं आणि डब्यानं ओळी द्यायला नकार दिला असता. जुन्या डब्यांच्या ताकदीबाहेरचं म्हणून ते सोडलेलं होतं. नव्यांवर ते आहे. जुन्यांसाठी सर्व्हरच्या पहिल्या ओळीत त्यानं आपलं नाव सांगायचं आणि डब्यानं ते ताडून मगच पाऊस द्यायचा, अशी साधी सोय केली. खोटारड्याला ते अडवत नाही, पण हरवलेल्याला वाट दाखवतं.

अवसरीच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातून आमच्याकडे प्रशिक्षणाला मुलं येतात. त्यांना मी आधी जुना कोड देते आणि दोष दाखवायला सांगते. पहिल्या प्रयत्नात तो कुणालाच दिसत नाही, कारण कार्यालयात जाळं चांगलं आहे. मग एका मुलीनं एक नेमसर्व्हर लिहिला, मुद्दाम बिघडलेला. तो कधी उत्तर उशिरा देतो, कधी देतच नाही, कधी दोन प्रश्नांची उत्तरं साठवून एकदम सोडतो, कधी ‘असं नाव नाही’ म्हणतो. त्याच्यासमोर जुना कोड लगेच उघडा पडतो. तिनं त्यावर न थांबता त्यात सिम बदलण्याची नक्कलही घातली, म्हणजे रिझॉल्व्ह.कॉन्फ मधूनच बदलायची. आमच्या दुरुस्त कोडमधली एक मेमरीची गळती तिला त्यातूनच सापडली. यादीतला दुसरा पत्ता चालला की लूपमधून बाहेर पडण्याच्या वाटेवर फ्रीअॅड्रइन्फो राहून गेलं होतं. महिनाभरात डबा मेमरीवाचून अडला असता.

यूक्लिब्सीचे जुने डबे अजून काही शाळांवर आहेत. त्यांच्या लायब्ररीची बांधणी आयपीव्ही ६ वगळून केलेली आहे. कोड तोच चालतो, फक्त यादीत ४ चेच पत्ते येतात. भात लावणीच्या आधी ते उतरवून नवे चढवायचे आहेत, कारण एकदा पाऊस सुरू झाला की आहुप्याच्या वाटेवर शिडी घेऊन जाणं सोपं नाही. तोपर्यंत प्रत्येक नवा डबा मंचरच्या टेबलावर त्या बिघडलेल्या नेमसर्व्हरला जोडून रात्रभर चालू ठेवायचा, आणि सकाळी दोन्ही सर्व्हरवरच्या ओळी मोजून जुळल्या तरच त्याला गाडीत ठेवायचा, असं आमचं ठरलेलं आहे.